मोठ्या ट्रॅक्टरचा जुना स्लॅशर मिनी ट्रॅक्टरला जोडताना

द्राक्षबागेत दोन ओळींत ९ फुटांचे अंतर असते आणि पावसाळ्यात त्या पट्ट्यात गुडघाभर गवत माजते. तणनाशक मारायचे नसेल तर ते कापून तिथेच आच्छादन म्हणून पडू देणे हा चांगला मार्ग. बागेत चालणारा ट्रॅक्टर मात्र १५ ते २० एचपीचा असतो, मित्सुबिशी शक्ती किंवा युवराज २१५ च्या वर्गातला. बाजारात किंवा शेजारच्या गोठ्यामागे गंजत पडलेला स्लॅशर (पत्र्याखाली फिरणाऱ्या पात्यांनी गवत कापणारे अवजार) असतो ३५-४५ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला. वेल्डिंगवाल्याकडे नेला तर तो अर्ध्या दिवसात 'बसवून' देतो, आणि बहुतेक बिघाडांची सुरुवात तिथूनच होते. पाती किती वेगाने फिरतील, उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन उरेल आणि दगड लागला तर आधी काय तुटेल, ही तीन उत्तरे कागदावर आल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

पुढची सगळी आकडेमोड एका ठरावीक जोडीसाठी आहे: पात्यांचा घेर (म्हणजे फिरताना टोकापासून टोकापर्यंतचा व्यास) १.२ मीटर, एकच गिअरबॉक्स आणि दोन लोंबती पाती असलेला चार फुटी स्लॅशर, आणि १८ एचपीच्या आसपासचा मिनी ट्रॅक्टर. तुमचे आकडे वेगळे असतील; रीत तीच. पाच किंवा सहा फुटी स्लॅशर असेल तर या भानगडीत पडू नका. त्याचा सांगाडाच इतका जड असतो की कितीही कापाकापी केली तरी मिनी ट्रॅक्टरला तो पेलत नाही.

आधी गिअरबॉक्स

पत्रा बदलता येतो, पाती नवी मिळतात. गिअरबॉक्स गेलेला असेल तर स्लॅशर भंगारातच जाऊ द्यावा. इनपुट शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवा. हलताना जाणवला तर बेअरिंग गेलेले आहे. मग पाती हाताने धरून ठेवा आणि इनपुट शाफ्ट मागे-पुढे फिरवून पाहा. थोडी ढिलाई असायचीच, पण 'टक टक' असा आवाज येऊन बराच फेर रिकामा जात असेल तर क्राउन-पिनियनचे दात झिजलेले असतात.

तेल काढून पांढऱ्या कापडावर ओता. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, चमकणारा चुरा दिसला तर दात किंवा बेअरिंग खाल्ले जात आहे. खालच्या बाजूचे ऑइल सील बहुतेक वेळा गळके असते. सील बदलण्यापूर्वी त्यावर गुंडाळलेली तार आणि सुतळी काढून शाफ्टवर खाच पडली आहे का ते नखाने पाहा. खाच असेल तर नवे सीलही महिन्याभरात गळेल. टर्नरकडून शाफ्टवर बारीक बुश चढवून घ्यावा लागतो. वरचा श्वास-बोल्ट, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजलेला असेल तर तोही साफ करा. तो बंद असला की गरम झालेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि दोष सीलवर जातो. तेल ९० नंबरचे गिअर ऑइल, लेव्हल प्लगपर्यंत. त्याहून जास्त भरले तर तेही सीलमधूनच बाहेर येते.

आता गिअरबॉक्सचे गुणोत्तर काढा. इनपुट शाफ्टवर आणि पात्यांच्या आडव्या बारवर खडूची खूण करा. इनपुटचे बरोबर १० फेरे द्या आणि बारचे फेरे मोजा. १९ च्या थोडे पुढे आले तर गुणोत्तर १.९३, साडेचौदाच्या आसपास आले तर १.४६. याच वेळी पात्यांची दिशाही लिहून ठेवा. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा अवजार फिरवणारा शाफ्ट, मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. इनपुट तसा फिरवला की पात्याची धार पुढे यायला हवी. आधीच्या मालकाने पाती उलटी लावलेली असणे अजिबात दुर्मीळ नाही.

फेऱ्यांचा हिशेब

गवताला आधार नसतो, त्यामुळे स्लॅशर ते निव्वळ वेगाने तोडतो. त्यासाठी पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ५० ते ७५ मीटर लागतो. कमी पडला तर गवत फाटते, लोळते आणि बारला गुंडाळते. हिशेब सोपा आहे: पात्यांचा घेर मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले पात्यांचे मिनिटाचे फेरे, भागिले ६०.

१.९३ गुणोत्तर आणि पीटीओ ५४० धरला तर पाती मिनिटाला १०४२ फेरे घेतात. १.२ मीटर घेराला टोकाचा वेग ६५ मीटरच्या थोडा वर येतो. वेग उत्तम, पण ताकद पुरत नाही. ठोकताळा असा की कापणीच्या दर फुटाला पीटीओवर ५ एचपी लागतात. चार फुटांना २० झाले. १८ एचपीच्या इंजिनातून पीटीओवर १५-१६ मिळतात. म्हणून घेर १ मीटरवर आणायचा. तिथे गरज साधारण १६ एचपीची आणि टोकाचा वेग ५४.६ मीटर. गाडी बसते, जेमतेम.

मिनी ट्रॅक्टरमधला मोठा धोका इथेच आहे. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलना पीटीओचे दोन, तीन वेग असतात, कारण ती हलकी अवजारे वेगळ्या वेगाने चालवण्यासाठी बनवलेली असतात. चुकून पीटीओचा लिव्हर हजाराच्या जवळच्या गिअरमध्ये पडला तर तीच पाती १९३० फेऱ्यांनी फिरतात आणि टोकाचा वेग १०० मीटरच्या पुढे जातो. पात्याच्या बोल्टवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे जवळपास साडेतीन पट. लिव्हरच्या खाचेत वेल्डिंगचा एक थेंब टाकून किंवा पट्टी लावून जास्तीच्या वेगांचा मार्ग बंद करून टाका. चालकाच्या लक्षात राहील यावर सोडू नका.

गुणोत्तर १.४६ निघाले तर उलटी अडचण: १ मीटर घेराला ५४० वर टोकाचा वेग ४१ मीटरच भरतो. तेव्हा ७५० च्या जवळचा पीटीओ वेग उपयोगी पडतो, ५७ मीटर मिळतात. गिअरबॉक्स मात्र जास्त तापतो, त्याच्यावर लक्ष हवे.

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. चमकत्या पट्टीचा डिजिटल टॅकोमीटर आणा, पीटीओच्या टोकाला पट्टी चिकटवा, ५४० फेरे नेमके कुठल्या थ्रॉटलला येतात ते पाहा आणि थ्रॉटलच्या पट्टीवर रंगाने खूण करा.

पाती आखूड करणे

घेर कमी करायचे दोन मार्ग सुचतात. आडव्या बारला आतल्या बाजूने नवी भोके पाडून तीच पाती आत घ्यायची, किंवा बार तसाच ठेवून पाती आखूड करायची. पहिला मार्ग स्वस्त दिसतो आणि चुकीचा आहे. लोंबते पाते दगड लागला की मागे दुमडते. मूळ मापात ते दुमडून मधल्या नटापर्यंत जेमतेम पोचते. पिन १०० मिमी आत घेतली की ते नटावर किंवा समोरच्या पात्यावर आदळते.

म्हणून पाती टोकाकडून १०० मिमी कापा. राहिलेल्या २०० मिमीत धार पुरते का? पुरते. ट्रॅक्टर ताशी ४ किमी चालला तर सेकंदाला १.११ मीटर पुढे जातो, आणि तेवढ्यात १०४२ फेऱ्यांची दोन पाती जवळपास ३५ वेळा समोरून जातात. प्रत्येक पात्याच्या वाट्याला ३२ मिमी गवत येते. मूळ लांबीची निम्मी धार तशीही कधी वापरली जात नव्हती.

कापताना बारीक डिस्क वापरा आणि पाणी सोडत राहा. पाते निळे पडले की तिथल्या पोलादाचा कडकपणा उतरला, धार टिकणार नाही. गॅस कटर लावू नका. पात्याला वेल्डिंग करून लांबी किंवा जाडी देणे हा प्रकार तर पूर्ण वर्ज्य. कडक पोलादाला टाक्याच्या शेजारी चीर जाते आणि तो तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. जुन्या कमान-पाट्यापासून नवी पाती करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून घ्यायची तर भोक ड्रिलने पाडलेले घ्या, गॅसने फुंकलेले नको.

दोन्ही पाती किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. फरक १० ग्रॅमच्या आत आणा, जड पात्याच्या टोकाकडून घासून. ५० ग्रॅमचा फरक ४०० मिमी त्रिज्येवर, १०४२ फेऱ्यांना, सुमारे २४ किलोचा झटका देतो आणि तो सेकंदाला १७ वेळा बसतो. बेअरिंग, सील, पत्र्याचे टाके, शेवटी ट्रॅक्टरचा पीटीओ बेअरिंग, याच क्रमाने ते दिसायला लागते.

पात्याचा बोल्ट १०.९ ग्रेडचाच हवा. दीड किलोचे पाते या वेगाला पिनेवर जवळपास ७०० किलोने ओढते. नट खाचेचा आणि त्यात स्प्लिट पिन. बोल्ट पूर्ण आवळल्यावरही पाते हाताने मोकळे फिरले पाहिजे. आखडत असेल तर बुशची लांबी वाढवा, बोल्ट ढिला ठेवू नका.

घेर कमी केला की बाजूचे पत्रेही आत घ्यावे लागतात. पात्याचे टोक आणि बाजूची पट्टी यांत ३० ते ४० मिमी जागा ठेवा. जास्त राहिली तर कडेची पट्टी न कापलेले गवत दाबत जाते आणि बोदाच्या पायथ्याशी हिरवी झालर उरते.

थ्री पॉइंटची जोडणी

थ्री पॉइंट म्हणजे अवजार धरणारे तीन सांधे: खाली दोन आर्म, वर टॉप लिंक. त्यांच्या मापांचे वर्ग म्हणजे कॅटेगरी. मोठ्या स्लॅशरच्या खालच्या पिना बऱ्याचदा कॅटेगरी दोनच्या असतात: २८ मिमी जाड, दोन्हींत ८२५ मिमी अंतर. कॅटेगरी एकला पिन २२ मिमी आणि अंतर ६८३ मिमी. मिनी ट्रॅक्टरना बरेचदा अरुंद एक-एन जोडणी असते, तिचे अंतर ४०० मिमी. टॉप लिंकची पिन कॅटेगरी एकला १९ मिमी. खालच्या पिनेपासून टॉप लिंकच्या पिनेपर्यंतची उंची कॅटेगरी दोनला ६१० मिमी, एकला ४६०, एक-एनला ३६०. मोजून खात्री करा. जुन्या अवजारांवर आधीच्या कुणीतरी हात फिरवलेला असतो.

ही शेवटची उंची लोक सोडून देतात. पिना जुळल्या, टॉप लिंक ताणून बसली, झाले. पण मास्ट (टॉप लिंक जिथे जोडतात तो स्लॅशरवरचा उभा सांगाडा) ६१० वर तसाच राहिला तर उचलताना स्लॅशर सरळ वर येत नाही, तिरका होतो आणि पीटीओ व गिअरबॉक्स जोडणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. मास्टला खालच्या बाजूला नवे भोक पाडा, शक्यतो दोन, ५० मिमी अंतराने.

पिनांची जागा अशी ठरवा. सिमेंटच्या सपाट जमिनीवर स्लॅशर लाकडी ठोकळ्यांवर कापणीच्या उंचीला ठेवा: पाती जमिनीपासून ७५ ते १०० मिमी, पुढची कड मागच्यापेक्षा १५ मिमी खाली. पुढची कड वर राहिली तर कापलेले गवत पुन्हा पुन्हा पात्याखाली येते आणि इंजिन विनाकारण दमते. ट्रॅक्टर मागे आणा, खालचे दोन्ही आर्म साधारण आडवे होतील एवढे सोडा आणि त्यांच्या कडीची उंची पत्र्यावर आखा. पीटीओचे टोक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत का ते दोरीने पाहा, गुनियाने कोन तपासा.

कान १२ मिमी प्लेटचे करा, प्रत्येक पिनेला दोन, म्हणजे पिन दोन्हीकडून धरली जाईल. मोठ्या ट्रॅक्टरच्या एकाच बाजूने बाहेर येणाऱ्या पिना कापून आत सरकवल्या तर त्या वाकतात. कान नुसत्या ४-५ मिमी पत्र्याला चिकटवू नका. खाली ५० मिमीचा अँगल घालून तो मागच्या बरगडीपर्यंत न्या. वेल्डिंगला ७०१८ रॉड, ३.१५ मिमी, आणि तो वाळवलेला. साध्या ६०१३ ने पत्र्याची दुरुस्ती होते, पण धक्के खाणाऱ्या कानांना ७०१८ च हवा. आधी चार टाके, पिन घालून आर्म बसवून पाहा, मगच पूर्ण वेल्ड. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा स्लॅशरवरच घ्या. ट्रॅक्टरवर घेतला तर प्रवाह पीटीओच्या बेअरिंगमधून जातो. जोडून वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीची वायर काढा.

जवळ की लांब

इथे दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. वजनाच्या दृष्टीने स्लॅशर ट्रॅक्टरला चिकटून हवा. शाफ्टच्या दृष्टीने लांब हवा.

आधी वजन. समजा स्लॅशर १८० किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून १.३ मीटर मागे, आणि ट्रॅक्टरच्या दोन एक्सलमधले अंतर १.४ मीटर. उचलल्यावर पुढच्या चाकांवरून १८० गुणिले १.३ भागिले १.४, म्हणजे १६७ किलो उतरतात. ७५० किलोच्या ट्रॅक्टरचे ३०० किलो पुढे असतील तर उरले १३३. स्टिअरिंग ताब्यात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाचे किमान २० टक्के पुढे लागतात, इथे १५०. चढावर किंवा ओल्या काळ्या मातीत ही तूट लगेच जाणवते. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे ४० किलो लावले तर सुमारे ५४ किलोचा फायदा होतो आणि प्रश्न सुटतो. पुढच्या चाकांवरचे खरे वजन बाजार समितीच्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवून कळते. स्लॅशर उचलून एकदा, टेकवून एकदा. लिफ्टच्या क्षमतेचा आकडा आर्मच्या टोकाचा असतो, स्लॅशरचे वजन त्याच्या बरेच मागे पडते, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यापलीकडे जाऊ नका.

आता शाफ्ट. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसमधले (वाकणाऱ्या सांध्यांमधले) अंतर ६०० मिमी असेल आणि स्लॅशर २५० मिमी उचलला तर कोन २५ अंशांच्या आत राहतो. अंतर ४५० मिमी असेल तर तोच कोन ३४ अंशांवर जातो. काम करताना १५ अंशांपर्यंत ठीक, वळताना क्षणभर २५. त्यापुढे क्रॉसच्या सुया खाल्ल्या जातात आणि आवाज घरघरू लागतो. या उदाहरणात स्लॅशर दर १० सेंटिमीटरने लांब गेला की पुढून १३ किलो कमी होतात. ते वजन पुढे लोखंड लावून भरून काढता येते, वाकडा शाफ्ट कशानेही भरून निघत नाही. म्हणून ६०० मिमी धरून कान बसवा आणि पुढचे वजन वाढवा. लिफ्टच्या लिव्हरला अडकण लावून उचल २५० मिमीवर थांबवा.

शाफ्ट कापणे

मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट इथे हमखास लांब पडतो. न कापता कोंबला तर उचलताना तो आतून टेकतो आणि पीटीओचा बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचे तोंड फोडतो. दोन्ही अर्धे वेगळे करा, एक ट्रॅक्टरला, एक स्लॅशरला लावा, आणि दोन टोकांतले अंतर सर्वांत कमी असते त्या स्थितीत (बहुधा दोन्ही शाफ्ट एका रेषेत असताना) दोन्ही नळ्या शेजारी धरून खूण करा. प्रत्येक नळीच्या टोकाला २५ मिमी मोकळी जागा राहील असे कापा. आतली आणि बाहेरची नळी सारखीच कापायची, प्लास्टिकचे गार्डही तेवढेच. कड कानशीने साफ करा, ग्रीस लावा. मग सर्वांत लांब स्थितीत नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबी अडकलेल्या आहेत ना ते पाहा.

चौकोनी नळी असेल तर जोडताना ती ९० अंशांनी चुकू शकते. आतल्या दोन्ही योकची (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांची) भोके एकाच पातळीत आली पाहिजेत, नाहीतर पाती कितीही तोलली तरी थरथर जात नाही.

जुन्या मिनी ट्रॅक्टरला एकेरी क्लच असेल तर आणखी एक वस्तू घ्या: ओव्हर-रनिंग क्लच, म्हणजे पात्यांचा उलटा जोर ट्रॅक्टरकडे न जाऊ देणारा क्लच. क्लच दाबल्यावर इंजिन सुटते, पण फिरणाऱ्या पात्यांचा जोर पीटीओमधून उलटा गिअरबॉक्सला ढकलत राहतो आणि ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला असलेल्या ताणाच्या तारेत जाऊनच थांबतो. हा क्लच पीटीओच्या टोकावर बसतो आणि शाफ्टची जागा खातो. म्हणून तो बसवून मगच शाफ्टची खूण करा.

शिअर बोल्ट

४५ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी बसवलेला शिअर बोल्ट १८ एचपीच्या ट्रॅक्टरचे रक्षण करत नाही. पात्यांना खुंट लागला तर आधी बोल्ट तुटायला हवा. १५ एचपीला ५४० फेऱ्यांवर पीटीओचा पीळ सुमारे २०० न्यूटन-मीटर असतो. बोल्ट मध्यापासून ४५ मिमीवर असेल तर ४.६ ग्रेडचा एम ८ बोल्ट ५४० न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो, म्हणजे नेहमीच्या भाराच्या पावणेतीन पटीला. योग्य. त्याच मापाचा ८.८ बोल्ट दुप्पट भार घेतो. मूळचा एम १० चा ८.८ असेल तर तो १७०० पर्यंत तग धरतो. त्याआधी मिनी ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट पिळला जातो.

भोक १० मिमीचे असेल तर त्यात कडक बुश ठोकून ते एम ८ पुरते करा. बोल्टचा आटे नसलेला भाग कापाच्या रेषेत यायला हवा. टूलबॉक्समध्ये दहा-बारा बोल्ट ठेवा, म्हणजे बागेच्या मध्यात तुटल्यावर कुणी हाताशी आलेला ८.८ टाकणार नाही.

आवरण आणि चाचणी

पुढच्या आणि मागच्या तोंडाला साखळ्यांची झालर किंवा जाड रबराची पट्टी लावा. मुरमाड जमिनीत हे टाळायचे नाही. शाफ्टचे गार्ड साखळीने ट्रॅक्टरला बांधा, ते फिरता कामा नये. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ वेटोळी. उपरणे किंवा पदर सापडला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पहिली चाचणी पाती काढून, दहा मिनिटे. दुसरी पाती लावून, रिकाम्या जागेत, कमी थ्रॉटलपासून हळूहळू ५४० पर्यंत. बाजूला आणि मागे कुणी उभे नको. एखाद्या ठरावीक वेगाला थरथर वाढत असेल तर पात्यांचे वजन, योकची दिशा आणि वाकलेला बार याच क्रमाने तपासा. तिसरी चाचणी कोवळ्या गवतात अर्धा तास. थांबल्यावर गिअरबॉक्सला हात लावा. हात ठेववत नसेल तर तेलाची पातळी आणि बेअरिंगचा ताण पाहा. तासाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा (८.८ ग्रेडचा एम १२ सुमारे ८० न्यूटन-मीटर, एम १६ सुमारे २००), दहा तासांनी पुन्हा एकदा. स्लॅशरखाली हात घालायचा असेल तर इंजिन बंद, चावी खिशात, आणि स्लॅशर ठोकळ्यांवर. हायड्रॉलिकवर टांगलेल्या पत्र्याखाली जाऊ नये.

बागेत शिरण्यापूर्वी ठिबकच्या लॅटरल नळ्या बोदावर उचलून बांधा आणि पट्ट्यातले तारेचे तुकडे वेचा. तार एकदा शाफ्टला गुंडाळली की संध्याकाळपर्यंत सील कापते, आणि तेल संपल्याचे कळते तेव्हा गिअरबॉक्स आवाज करू लागलेला असतो. म्हणून रोज काम संपल्यावर स्लॅशर ठोकळ्यांवर घेऊन खालच्या सीलभोवती एकदा बोट फिरवायचे. गवत गुडघ्याच्या वर गेले असेल तर पहिला फेर १५० मिमी उंचीवर आणि दुसरा आठवड्याने ७५ वर घ्यावा. एकाच फेरात सगळे उरकायला गेलात तर इंजिन दबते, पीटीओचे फेरे ५४० च्या खाली येतात आणि गवत पुन्हा बारला गुंडाळू लागते.